चोराचं टोक

"आणि या पक्ष्याला तुमच्यात काय म्हणतात, धाकू?"

कप्तानानं वही उघडली, लेखणी शाईत बुडवली आणि माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. समोर डेकवर एक भला थोरला पांढरा पक्षी बसला होता. खलाशांनी गळ टाकून धरलेला. पंख पसरले तर त्यावर दोन माणसं आडवी निजतील एवढा. पण जहाजावर आल्यापासून त्याला ना उडता येत होतं, ना धड चालता. डुलत डुलत दोन पावलं टाकायचा, बसायचा, ओकायचा, आणि मग आमच्याकडं असा बघायचा, की पान अजून का मांडलं नाही?

"मेहुणा," मी म्हटलं.

मागं दोर ओढणाऱ्या आमच्या लोकांना एकदम खोकला आला.

"मे-उ-ना." कप्तानानं लिहिलं. "छान शब्द आहे. अर्थ काय?"

"बोलावल्याशिवाय येतो आणि हाकलल्याशिवाय जात नाही, साहेब."

त्यानं तेही लिहून घेतलं.

कप्तानाचं नाव केर्वाल. फ्रान्सच्या राजाच्या आरमारातला नामांकित दर्यावर्दी. नवी बेटं शोधायची आणि त्यावर राजाचं निशाण रोवायचं, हा त्याचा धंदा. आम्ही आपसात त्याला करवली म्हणायचो. लग्नातल्या करवलीसारखाच मान लागायचा त्याला. जरा कमी पडला की गाल फुगायचे, आणि हातात कायम काही ना काही मिरवायला हवंच. करवलीच्या हातात दिवा, याच्या हातात दुर्बीण.

पण माणूस वाईट नव्हता, हेही सांगून टाकतो. नशिबाचा कच्चा होता. पहिल्या सफरीत त्याला एक बेट सापडलं, ते एका इंग्रजाला आधीच सापडलेलं निघालं. दुसऱ्या सफरीत थंडीनं डाव्या पायाची दोन बोटं गेली आणि हाती काहीच लागलं नाही. आता ही तिसरी. खाली दक्षिणेला, जिथं नकाशाचा कागद कोरा आहे, तिथं एक मोठा मुलूख आहे असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. तिथं द्राक्षं, तिथं गुरं, तिथं सोनं.

"हा मुलूख सापडला तर माझं नाव राहील, धाकू," तो मला म्हणायचा. "नाही सापडला तर मी बोटं गमावलेला एक म्हातारा."

आम्ही बावीस कोकणी माणसं फ्रेंचांच्या मोरस बेटावर त्याच्या जहाजावर चढलो. घेरियाच्या किल्ल्यातलं मराठी आरमार इंग्रजांनी जाळल्यापासून आमच्यासारखे किती तरी दर्यावर पांगले होते. ज्याचं गलबत त्याची चाकरी. मी आधी पाच वर्षं माहीच्या फ्रेंच वखारीत हमाली केली होती आणि तिथल्या गुत्त्यात बसून त्यांची भाषा उचलली होती. म्हणून मी दुभाषा. बावीस माणसांना मिळून एकच जीभ, आणि ती माझ्या तोंडात. आज पन्नाशी उलटली तरी आमच्या वाडीत कुणाच्या वहाणा माडाच्या शेंड्यावर सापडल्या की लोक सरळ माझ्या दारात येतात. तेव्हा तर मी पंचविशीत होतो. असल्याच्या तोंडात बावीस जणांची जीभ देऊ नये. पण दिली.

आमचा शिधा सगुणदाच्या ताब्यात होता. सगुण भंडारी, आचऱ्याचा. चाळिशीचा गडी, पोट सुटलेलं, आवाज बारीक. गोरे त्यांचं बिस्किट खायचे, आम्ही आमचा भात. जहाजाच्या पुढच्या अंगाला आमचं तांदळाचं कोठार, आणि त्याची किल्ली सगुणदाच्या करगोट्याला.

सगुणदाचं एक होतं. तोंडातून अशुभ शब्द काढायचा नाही आणि दुसऱ्यालाही काढू द्यायचा नाही. एकदा कुणी तरी म्हणालं, "सगुणदा, ताट पाण्यात बुडवून ठेवू?" तर त्याला दोन दिवस पेज मिळाली नाही.

"मेल्या, जहाजावर बसून बुडवायच्या गोष्टी करतोस?"

आम्ही मग मुद्दाम त्याच्या पाठीमागं जाऊन "बुड… बुड… बुडकुला कुठाय?" असं करायचो. तो डाव घेऊन मागं लागायचा.

कप्तानाला सगुणदा आवडायचा. दुपारी आमची पंगत बसली की हा वही घेऊन हजर. "सगुणदा, वाढ," "मला वाढ," असं चाललेलं ऐकून त्यानं मला विचारलं, "वाढ म्हणजे काय?"

"अजून, साहेब. जास्त."

यात काही थट्टा नव्हती. मी आपलं सोपं करून सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच वाडगं घेऊन यायला लागला. सगुणदासमोर उभा राहून म्हणायचा, "वाऽऽढ!" सगुणदा लाजत लाजत एक पळी पेज घालायचा. फ्रान्सच्या राजाचा कप्तान उभ्यानं पेज प्यायचा आणि म्हणायचा, "वाऽऽढ!" सगळं जहाज हसायचं. गोरेही हसायचे.

अकराव्या आठवड्यात वादळ झालं. चार दिवस आम्ही आत कोंडून होतो. पाचव्या दिवशी सकाळी ऊन पडलं तेव्हा कळलं, की मागच्या अंगाला पाणी शिरून गोऱ्यांचं निम्मं बिस्किट भिजलंय. उरलेल्याला बुरशी. थंडी बोचायला लागली होती आणि जमिनीचा पत्ता नव्हता. नायब कप्तान म्हणाला, "इथनं मागं फिरू. आत्ताच फिरलो तर जगू."

केर्वाल म्हणाला, "हिंदुस्थानी लोकांचा तांदूळ आहे ना? तो सगळ्यांना पुरला तर पुढं जाता येईल. विचारू त्यांना."

सगळ्यांना डेकवर बोलावलं. पन्नास-साठ गोरे एका बाजूला, आम्ही एका बाजूला, मध्ये सगुणदा. सगुणदाला एवढ्या माणसांसमोर उभं राहायची सवय नव्हती. तो किल्ली चाचपत होता.

"विचार त्याला, धाकू. तांदूळ किती आहे?"

मी विचारलं. सगुणदा एक पाऊल पुढं आला. मग हळूच, घरात बायका सांगतात तसं बोलला, "तांदूळ वाढले."

आता तुम्हाला काय सांगायचं. आपल्यात धान्य संपलं असं कुणी म्हणतं का? लक्ष्मीच्या कानावर पडेल म्हणून 'वाढलं' म्हणायचं. कुणाच्याही आईला विचारा.

पण मी भाषांतर करायच्या आधीच कप्तानाचा चेहरा फुलला. "वाढले!" तो ओरडला. "वाढ! हा शब्द मला येतो! अजून! जास्त! तांदूळ जास्त आहे म्हणतोय!"

गोऱ्यांनी टोप्या उडवल्या. त्या आरड्याओरड्यात सगुणदा अजून बोलतच होता, "…तळाची दोन पोती काय ती…" पण ते माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

कप्तान माझ्याकडं वळला. डोळ्यांत पाणी. "बरोबर ना, धाकू?"

खरं सांगतो, त्या वेळी माझ्या मनात भूक, थंडी, मरण काही आलं नाही. एवढंच आलं, की करवली फसला, आणि काय फसला! दुपारी पंगतीत सांगू. आधी तो गाल फुगवेल, मग सगळं जहाज पोट धरून हसेल.

"अगदी बरोबर, साहेब," मी म्हटलं.

त्यानं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. अंगातला निळा लोकरीचा कोट काढून माझ्या खांद्यावर घातला. म्हणाला, "दक्षिणेत तुला लागेल." आणि अर्ध्या घटकेत शिडं फिरली. जहाज दक्षिणेला.

सगुणदानं माझी बाही ओढली. "काय म्हणाला रे?"

"म्हणाला, पुढं जायचं."

"तांदूळ नसताना?"

"नसताना."

सगुणदा कप्तानाकडं बघत राहिला. "वाघ आहे," तो म्हणाला. कौतुकानं.

दुपारी सांगायचं राहिलं. संध्याकाळी सांगू म्हटलं, तर कप्तान दुर्बीण लावून गाणं गुणगुणत होता. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, तर एका दिवसाची वाट फुकट घालवली म्हणून चाबूक बसले असते. तिसऱ्या दिवशी तीन दिवसांची. रोज सांगणं महाग होत गेलं. आणि कोट उबदार होता.

सगुणदानं ती दोन पोती चौदा दिवस पुरवली. कशी, ते त्याचं त्याला माहीत. पेज सगळ्या जहाजाला जायची, त्यात शितं मोजून घ्यावी लागायची; कप्तानाला वाटायचं, पुढच्या वाटेसाठी राखून वाढतोय. स्वतः नुसतं वरचं पाणी प्यायचा. "आपला कप्तान एवढा पुढं चाललाय, आपण का रडायचं," म्हणायचा.

पंधराव्या दिवशी पहाटे धुकं फाटलं आणि समोर बेट दिसलं. काळा दगड, वर शेवाळ, बर्फाचे पट्टे. झाड नाही, माणूस नाही, गाय तर सोडाच. कप्तान होडीतून उतरला, टेकडीवर राजाचं निशाण लावलं आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. परत आला तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. तरी म्हणाला, "हे नुसतं दारातलं बेट आहे. मुलूख याच्या मागं असणार. चार दिवस अजून. तांदूळ काढा, सगळ्यांना पोटभर घाला, मग निघू."

सगुणदानं कोठार उघडलं. झाडून घेतलेल्या फळ्या. एका कोपऱ्यात रिकामी पोती, नीट घड्या घालून ठेवलेली.

तासाभरानं पुन्हा सगळे डेकवर. पुन्हा मध्ये सगुणदा. शेजारी मी, निळ्या कोटात.

"विचार त्याला. त्या दिवशी सगळ्यांसमोर हा 'वाढले' म्हणाला की नाही?"

"सगुणदा, त्या दिवशी तू 'तांदूळ वाढले' म्हणालास?"

"म्हणालो की. मग काय म्हणायचं होतं? भर समुद्रात तसलं तोंडातून काढू?"

"काय म्हणतोय?" कप्तान.

"म्हणतोय, हो. म्हणालो."

"मग तांदूळ गेला कुठं?"

"सगुणदा, तो विचारतोय, तांदूळ कुठं गेले?"

सगुणदाला हसूच आलं. "खाल्ले म्हणावं. तांदूळ आणखी कुठं जातात? तीर्थाला?"

"काय म्हणतोय?"

"खाल्ले म्हणतोय, साहेब."

"आणि वर हसतोय!"

एक शब्दही मी खोटा सांगितला नाही. सगळे शब्द खरे होते.

कप्तान ओरडत सुटला. चोर, दगलबाज, स्वतःच्या हातानं माझ्या वाडग्यात वाढत होता, आणि मुलूख चार दिवसांवर असताना मला मागं फिरावं लागतंय ते याच्यामुळं. मी ते ऐकत होतो आणि मला कळत होतं, हा तांदळासाठी ओरडत नाहीये. चार दिवसांवर मुलूख नव्हता हे टेकडीवर उभं राहूनच त्याला दिसलं होतं. पण घरी जाऊन राजाला काय सांगायचं? आता सांगायला चोर सापडला होता.

"एवढा का तापलाय?" सगुणदानं मला हळूच विचारलं.

"उपाशी आहे," मी म्हटलं.

"बिचारा."

आमचा मुकादम होता इस्माईल सारंग, दाभोळचा. दाढी पिकलेली, बोलणं कमी. त्यानं मला कोटाच्या गळ्याला धरून शिडाआड नेलं.

"धाकू, त्या दिवशी गोरे टोप्या उडवत होते तेव्हा तू त्याला काय सांगितलंस?"

"खरं तेच."

"मग आज परत सांग. मी बाजूला उभा राहतो."

"सारंग, तो फाशी देईल."

"कुणाला?"

सारंगानं कोटाचा गळा सोडला. सरळ कप्तानासमोर गेला, पागोटं काढून हातात घेतलं आणि आमच्या भाषेत, एकेक शब्द मोकळा करत बोलायला लागला. "साहेब, सगुण चोर नाही. आमच्यात 'वाढलं' म्हणजे 'संपलं'. त्यानं खरं सांगितलं होतं. तुम्हाला कुणी तरी उलटं सांगितलं." रिकामी मूठ उघडून दाखवली. पोटावर हात फिरवून दाखवला. शेवटी माझ्याकडं बोट केलं.

कप्तानानं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणतोय हा?"

सारंग माझ्याकडं बघत होता. सगुणदाही बघत होता, आता काही तरी निकाल लागणार अशा तोंडानं. मला वाटलं होतं माझी जीभ अडखळेल. नाही अडखळली.

"दया मागतोय, साहेब. म्हणतोय, हा दुभाषा सांगेल, सगुण माणूस चांगला आहे."

"सांग त्याला, दया नाही."

मी सारंगाकडं वळलो. "सांगितलं सगळं. ऐकत नाही म्हणतोय."

सारंगानं पागोटं परत बांधलं. फार सावकाश बांधलं.

आम्ही मोरसला पोचेपर्यंत सोळा माणसं दर्यात टाकावी लागली. त्यातले सहा आमचे. केर्वाल जगला. राजानं त्याला बोलावून घेतलं, पदक दिलं, आणि त्यानं एक जाडजूड पुस्तक लिहिलं. वीस वर्षांनी माहीच्या एका पाद्र्यानं मला त्यातली पानं वाचून दाखवली. त्या बेटाला कप्तानाचं स्वतःचं नाव आहे. जिथं आमची होडी लागली तो खडक म्हणजे 'चोराचं टोक'. तसं नकाशावर छापलंय. खाली लिहिलंय, की एका हिंदुस्थानी कोठारवाल्यानं सगळ्यांचा तांदूळ लुबाडला नसता तर दक्षिणेचा मुलूख त्याच सफरीत फ्रान्सला मिळाला असता. आणि माझंही नाव आहे. 'इमानी दुभाषा धाकू.' पाद्र्यानं ते दोनदा वाचलं, मला बरं वाटावं म्हणून.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळचं.

शिक्षा ठरली ती अशी, की चोराला बेटावर सोडून द्यायचं. होडीत चार गोरे वल्ह्यावर, दोघं बंदूक घेऊन, मागं सुकाणूवर सारंग, मध्ये मी आणि सगुणदा. पायाशी एक घोंगडी, एक कुऱ्हाड, एक पातेलं आणि बुरशी लागलेल्या बिस्किटाची लहानशी पिशवी. शिक्षा त्याला त्याच्या भाषेत सांगायची होती. ते माझं काम.

होडी खडकाला लागली. सगुणदा थंडीनं कुडकुडत उतरला. "हे सामान कुणाचं रे?"

"तुझं."

"माझं? कशाला?"

मी कागद उघडला. फ्रेंचमध्ये चार ओळी होत्या. बंदूकवाले माझ्याकडं बघत होते. सारंग पाण्याकडं बघत होता.

"सगुणदा," मी म्हटलं, "त्या टेकडीवर राजाचं निशाण लावलंय ना, त्याला राखण हवी. आपल्या किल्ल्यावर नसते का? कप्तान जरा पुढं फिरून येतोय. तोवर इथं माणूस पाहिजे. तुला किल्लेदार नेमलंय."

"मला?"

"तुलाच. कागदावर नाव आहे."

"थट्टा करतोस मेल्या."

"हा बघ कागद. मोहोर बघ."

त्यानं मोहोर बघितली. लाल लाखेची होती, खरीच होती. बोट फिरवून बघितली. "मग मघाशी तो एवढा ओरडत होता, आणि सारंग चोर चोर म्हणत होता, ते?"

"सारंगाचं मागनं पटलं त्याला. ओरडला तो या बाकीच्या गोऱ्यांवर. त्यांना वाटत होतं, मान त्यांना मिळावा."

"असं होय." तो टेकडीकडं बघून उभा राहिला. मग पोट आत घेतलं. "सगुण भंडारी किल्लेदार. आमच्या वाडीत सांगितलं तर हसतील रे. आणि हे बंदूकवाले?"

"सलामीला."

तो ताठ उभा राहिला, सलामी घ्यायला. वाट बघितली. "उडवत का नाहीत?"

"दारू भिजलीय. परत येताना उडवतील."

"किती दिवस?"

"आठ. फार तर दहा."

"बरं." त्यानं करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. "कोठार उघडं टाकू नका. उंदीर होतात." मग सारंगाला हाक मारली, "सारंग, माझ्या पोरांकडं… माझ्या लोकांकडं बघा हां. पेज पातळ करायची, पण गरम द्यायची."

सारंगानं मान हलवली.

होडी सुटली. गोरे जोरानं वल्ही मारत होते, त्यांनाही तिथनं निघायची घाई होती. सगुणदानं लगेच कामाला सुरुवात केली होती. वाऱ्याला पाठ करून तीन दगड लावले, त्यावर पातेलं बसतंय का बघितलं, एक दगड बदलला. मग काही तरी आठवल्यासारखा उठला आणि पाण्यापर्यंत पळत आला, ते सुटलेलं पोट दोन्ही हातांनी सावरत.

"धाकू! येताना मिरच्या आणा रे! इथं मासळी चिकार दिसते!"

मी हात वर केला. "आणतो," म्हटलं.

तो अजून कानामागं हात धरून उभाच होता.

"जोरात सांग," मागनं सारंग म्हणाला. शिडाआडच्या बोलण्यानंतर तो माझ्याशी बोललेलं हे एवढंच. "वारा उलटा आहे. त्याला ऐकू गेलं नाही."

मग मी होडीत उभा राहिलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडून सांगितलं, "आणतो!"